एल शद्दाई : असेन्शन ऑफ द मेटाट्रॉन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या डिचोलीत हा गेम माहीत असलेली माणसं फार नाहीत, पण ज्यांना मी एकदा दाखवलाय ते सगळे नंतर तेच तेच प्रश्न विचारतात, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी बाजारात भेटल्यावर. म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. शेवट फोडलेला नाही, बिनधास्त वाचा.

हा नेमका कसला गेम आहे?

अ‍ॅक्शन गेम. जपानमध्ये इग्निशन टोकियो नावाच्या स्टुडिओनं केला आणि २०११ मध्ये प्लेस्टेशन थ्री आणि एक्सबॉक्स ३६० वर आला. दिग्दर्शक साकावी नाही, सावाकी ताकेयासु, हे नाव चुकीचं लिहिलेलं मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. हा माणूस मुळात चित्रकार, आधी डेव्हिल मे क्राय आणि ओकामी या गेमांवर काम केलेला. ते गेम खेळलेल्यांना लगेच कळेल की इथे चित्राला एवढा मान का आहे.

गोष्ट अशी : स्वर्गातले सात देवदूत माणसांच्या ओढीनं पृथ्वीवर उतरले, तिथे एक प्रचंड मनोरा बांधून राहिले, माणसं त्यांनाच देव मानायला लागली. वरच्या सभेनं ठरवलं की आता महापूर आणून सगळंच धुऊन टाकायचं. इनोख नावाचा एक लेखनिक, जो माणूस असूनही जिवंतपणी स्वर्गात नेला गेलाय, तो म्हणतो थांबा, मी जातो आणि त्या सात जणांना परत आणतो. तो खाली उतरतो, तो मनोरा शोधण्यातच त्याची तीनशेहून जास्त वर्षं जातात, आणि आपण खेळायला लागतो ते तिथून पुढे.

हा इनोख बायबलमध्ये आहे का?

आहे, पण अगदी थोडा. उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात त्याचं वय ३६५ वर्षं दिलंय आणि तो देवाबरोबर चालला, मग दिसला नाही कारण देवानं त्याला नेलं, एवढंच. मेला असं लिहिलेलं नाही. त्या एका न सांगितलेल्या जागेवर मागच्या लोकांनी केवढं मोठं वाङ्मय उभं केलं बघा. त्यातलं मुख्य म्हणजे इनोखचं पुस्तक. ते कॅथलिक बायबलमध्ये नाही, प्रॉटेस्टंटांच्या नाही, पण इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही पवित्र ग्रंथ म्हणून आहे, आणि पूर्ण रूपात ते तिथल्या गीझ भाषेतच टिकलं. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये त्याचे अरामी भाषेतले तुकडेही सापडले, म्हणजे पुस्तक भलतंच जुनं.

त्यात दोनशे देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात, सेम्याझा त्यांचा म्होरक्या. प्रत्येक जण माणसाला काहीतरी शिकवतो. अझाझेल तलवारी, सुऱ्या, ढाली, धातूचं काम आणि डोळ्यांना रंग लावणं शिकवतो, बाराकेल ताऱ्यांवरून भाकीत सांगणं, सारियेल चंद्राची गती. हे गेममध्ये फार सुंदर उतरलंय, कारण त्या मनोऱ्यातला हत्यारं शिकवणाऱ्या अझाझेलचा मजला म्हणजे अख्खं भविष्यातलं शहर, लांबच लांब हायवे आणि त्यावर तुम्ही मोटरसायकल चालवताय. पहिल्यांदा तिथे पोचले तेव्हा मला वाटलं चुकून दुसराच गेम सुरू झाला, मग पुस्तकातलं ते आठवलं आणि अंगावर काटाच आला.

नावातला एल शद्दाई म्हणजे हिब्रूत देवाचं एक नाव, बायबलच्या भाषांतरांत सर्वसमर्थ असं करतात. आणि मेटाट्रॉन हा यहुदी परंपरेतला फार मोठा देवदूत, एका परंपरेप्रमाणे इनोखच पुढे मेटाट्रॉन होतो. म्हणजे गेमच्या नावातच गोष्टीची दिशा सांगून ठेवलीय.

एक गोंधळ नेहमी होतो. गेममधली एझेकिएल म्हणजे बायबलमधला संदेष्टा यहेज्केल नव्हे. ती त्या उतरलेल्या देवदूतांपैकी एक, आणि गेममध्ये तिला आईसारखी दाखवलीय.

मग हा धर्माचा अपमान नाही का? आमच्याकडे ख्रिस्ती लोक घरी येतात, लावला तर चालेल का?

हा प्रश्न मला खरोखर विचारला तो माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या आईनं. मी त्यांना मावशी म्हणते. त्या संध्याकाळी घरी आल्या होत्या आणि स्क्रीनवर ल्युसिफेल हे नाव वाचून एकदम गप्प झाल्या. मी गेम थांबवला आणि त्यांना सगळं सांगितलं, की हा स्वर्गातून पडून सैतान होण्याआधीचा आहे, नाव ल्युसिफर नाही तर शेवटी एल असलेलं आहे, म्हणजे अजून देवाच्या बाजूचा, आणि गेममध्ये देवाची टिंगल कुठेच नाही. मग त्यांना चार प्रधान देवदूत दाखवले, मायकल, गॅब्रिएल, राफाएल, उरिएल, ते गेममध्ये पांढऱ्या पक्ष्यांच्या रूपात येऊन इनोखला मदत करतात. मावशी म्हणाल्या, सां मिगेल, म्हणजे हाच मायकल, आमच्या हणजुण्याच्या चर्चचा, त्याला असा कधी बघितला नव्हता. मग बसल्या अर्धा तास.

माझं प्रामाणिक मत सांगते. गोव्यात राहून आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले, आणि जगाच्या निर्मितीपासूनची बायबलची गोष्ट त्यांनी मराठी ओव्यांमध्ये लिहिली, क्रिस्तपुराण, दहा हजारांच्या वर ओव्या, १६१६ मध्ये इथेच रायतूरला छापलं. चारशे वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी ही पुराणकथा आपल्या ओवीत ऐकली. म्हणजे एका धर्माची गोष्ट दुसऱ्या मातीच्या रूपात सांगायची ही रीत आपल्या घरातलीच आहे, जपानी माणसानं तेच त्याच्या चित्रातून केलं. श्रद्धा दुखावणारं काही असतं तर मी मावशींपुढे लावलाच नसता.

सगळे चित्र चित्र म्हणतात, पण दिसतो तरी कसा?

शब्दात सांगणं कठीण, तरी प्रयत्न करते. बाकीचे गेम एक जग ठरवतात आणि शेवटपर्यंत तेच चालवतात. इथे प्रत्येक मजल्याला वेगळा चित्रकार लाभल्यासारखं आहे. एका ठिकाणी पाण्यात रंग सोडल्यासारखं आभाळ, पायाखाली लाटा, लांबवर काहीच स्पष्ट नाही. दुसरीकडे लहान मुलानं खडूनं काढावं तसं जग, त्यात गोल गुबगुबीत नेफिलीम, म्हणजे देवदूतांची आणि माणसांची पोरं, नाचतायत. मध्येच कॅमेरा बाजूला सरकतो आणि गेम सपाट होतो, डावीकडून उजवीकडे उड्या मारत जायचं, नुसती आकृती दिसते, मागे रंगीत काच असल्यासारखा उजेड. जुन्या गोव्यात एखाद्या चर्चमध्ये दुपारी चारच्या सुमाराला उभे राहिलात आणि खिडकीतून ऊन आत आलं तर जे वाटतं ना, साधारण ते. दुसरी आठवण म्हणजे आपल्या देवळांच्या भिंतींवरची कावी, पांढऱ्या चुन्यावर एकच लाल माती, बस. कमी रंगात किती सांगता येतं हे ज्यांनी कावी बघितलीय त्यांना हा गेम पटकन कळेल.

संगीतही तसंच, हिदेकी साकामोतो आणि मासातो कोउदा या दोघांचं. हेडफोन लावा.

स्क्रीनवर लाईफ बार, स्कोर, मॅप काहीच नाही, माझा गेम बिघडलाय का?

नाही, बिघडलेला नाही! हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझ्या मते गेमचं मर्म इथेच आहे.

तुमची ताकद किती उरलीय हे इनोखच्या अंगावर बघायचं. सुरुवातीला अंगावर पूर्ण पांढरं चिलखत. मार बसला की तुकडा उडतो, खांदा जातो, मग छाती उघडी पडते, शेवटी तो नुसत्या जीन्सवर उभा असतो, आणि तेव्हा समजायचं की आता पुढचा फटका जपून. शत्रूंचंही तसंच, त्यांची चिलखतं, मुखवटे फुटत जातात. हातातलं शस्त्रसुद्धा बोलतं. वापरत राहिलात की ते मलिन होतं, त्यातला उजेड लालसर होत जातो आणि मार कमी बसायला लागतो. मग एक बटण दाबून ते शुद्ध करायचं, इनोख तळहात पात्यावरून फिरवतो आणि ते परत स्वच्छ झळकतं. त्या सेकंदभरात तुम्ही उघडे असता, कोणीही येऊन मारू शकतो, म्हणून शुद्ध कधी करायचं हाच अर्धा गेम.

मी पहिल्या दोन तासांत सारखी वैतागत होते की आकडा कुठे दिसत नाही. तिसऱ्या तासाला लक्षात आलं की मी आकडा शोधायचं सोडून माणसाकडे बघायला लागलेय. त्यानंतर दुसरे गेम खेळताना कोपऱ्यातली ती हिरवी पट्टी मला डोळ्यात खुपायला लागली, खरं सांगते.

फाईट कशी करायची? एकच बटण दाबत राहिलं तर चालतं का?

मारायला एक बटण, उडीला एक, अडवायला एक, आणि शस्त्र हिसकावायला किंवा शुद्ध करायला एक. एवढंच. पण दाबत सुटलात तर मार खाल. दोन फटक्यांमध्ये किती थांबता यावर पुढचा फटका बदलतो, जरा थांबून मारलं की शत्रूची आड मोडते. ढोल वाजवणाऱ्या मुलांना हे लवकर जमतं असा माझा अनुभव, आमच्या वाड्यावर शिगम्यात ढोल धरणारा एक मुलगा पहिल्याच दिवशी माझ्यापेक्षा बरा खेळला.

शस्त्रं तीन. आर्च म्हणजे धनुष्यासारखं वाकडं पातं, ते हातात असलं की उडीनंतर थोडं तरंगताही येतं. गेल म्हणजे लांबून मारायचे छोटे बाण, हालचाल एकदम चपळ. व्हेल म्हणजे ढाल, दोन भागांत फुटून मुठींवर बसते, हळू पण जबरदस्त. प्रत्येक शस्त्र कुठल्यातरी एकावर भारी आणि एकापुढे कमजोर. समोरच्याला हतबल केलं की त्याचं शस्त्र काढून घ्यायचं, म्हणून सतत विचार करावा लागतो की आत्ता कोणाचं हिसकावू.

आणि पडलात तरी लगेच संपत नाही. स्क्रीन अंधारते, तेव्हा बटणं भराभर दाबायची, इनोख उठून उभा राहतो. दर वेळी उठणं आधीपेक्षा कठीण होतं.

देवाच्या कामाला निघालेला माणूस जीन्स घालतो? आणि तो दुसरा मोबाईलवर कोणाशी बोलतो?

ल्युसिफेल काळाच्या बाहेरचा आहे, त्याला सगळे काळ सारखेच, म्हणून त्याच्याकडे मोबाईल, छत्री, आजचे कपडे. मोबाईलवर तो थेट देवाशी बोलतो, आणि तुमचा गेम सेव्ह करायचं कामही त्याच्याकडेच. इंग्लिशमध्ये त्याला आवाज जेसन आयझॅक्सचा आहे, ऐकत राहावा असा. त्यानं चुटकी वाजवली की काळ मागे जातो.

जपानमध्ये गेम यायच्या आधीच २०१० च्या ट्रेलरमधला एक संवाद भयंकर गाजला. ल्युसिफेल विचारतो एवढ्या तयारीवर भागेल का, इनोख म्हणतो भागेल, काही प्रॉब्लेम नाही, आणि पुढच्या क्षणाला मार खातो. मग चुटकी, काळ मागे, आणि या वेळी इनोख म्हणतो सगळ्यात चांगलं असेल ते दे. त्या वर्षी तिथल्या इंटरनेटवरच्या गाजलेल्या शब्दांच्या निवडीत ल्युसिफेलचं ते विचारणं, एवढ्या तयारीवर भागेल का, पहिलं आलं. एडविन या जपानी कंपनीनं इनोखची जीन्स खरोखर विकायलाही काढली होती.

याच्यात आपल्या मुंबईचा काहीतरी संबंध होता म्हणे, खरं आहे का?

खरं आहे आणि मला याचं फार वाटतं. इग्निशनमधला मोठा हिस्सा २००७ मध्ये मुंबईच्या यूटीव्हीनं घेतला होता, तीच रॉनी स्क्रूवालांची, सिनेमावाली. गेमच्या सुरुवातीला यूटीव्ही इग्निशन गेम्स असं नाव येतं. म्हणजे यहुदी कथा, जपानी चित्रकार आणि पैसा मुंबईचा. पुढे २०१२ मध्ये यूटीव्ही डिस्नेकडे गेली आणि गेमांचं हे दुकान मिटलं. एवढं देखणं काम आपल्या पैशानं उभं राहिलं आणि आपल्याकडे त्याची साधी चर्चाही झाली नाही, याचं वाईट वाटतं. नंतर सावाकींनी आपल्या क्रिम या छोट्या कंपनीतर्फे गेमचे हक्क स्वतःकडे घेतले, म्हणून तो आज आपल्याला मिळतोय.

आता कशावर खेळायचा? जुनी डिस्क घेऊ का?

कॉम्प्युटर असेल तर स्टीमवर, म्हणजे गेमांच्या ऑनलाइन दुकानात, २०२१ पासून आहे. निन्टेन्डो स्विचवर एचडी रिमास्टर २०२४ च्या एप्रिलमध्ये आला. दोन्ही चांगले मार्ग. कंट्रोलर मात्र हवाच, कीबोर्डवर त्या थांबून मारण्याची लय सापडत नाही.

जुन्या डिस्कबद्दल सांगते. दादानं पीएस थ्री घेतला होता, त्याच्यासाठी मी एका दुकानातून सेकंडहँड डिस्क आणली, दुकानदार म्हणाला एकदम मस्त कंडिशन. घरी आणून लावली तर बरोबर एका मजल्याच्या लोडिंगला अडकायची, दर वेळी तिथेच. परत घेऊन गेले तर म्हणे विकलेला माल परत नाही. म्हणून डिस्क घेणार असाल तर उजेडात तिरकी धरून ओरखडे बघा आणि शक्य असेल तर तिथेच लावून बघा. पावसात लाईट जाते येते, तेव्हा ल्युसिफेल दिसला की आधी सेव्ह करा, मग पुढे चला.

काही लोक कंटाळवाणा म्हणतात. किती तासांचा आहे?

दहा-बारा तास. कंटाळवाणा म्हणणाऱ्यांचं एक खरं आहे, शत्रूंचे प्रकार कमी आहेत आणि उड्या मारायच्या काही जागांवर कॅमेरा आपल्या हातात नसल्यामुळे अंदाज चुकतो. गोष्टही तुकड्यांत येते. तरी पैसे देऊन पुन्हा घेईन, आणि घेतलाच, डिस्क अडकल्यावर स्टीमवर.

लहान मुलांनी बघितला तर?

रक्ताचे सडे नाहीत, पण अंधाराचे काही भाग लहानांना भीतीदायक वाटतील. माझा भाचा सात वर्षांचा आहे, त्याला मी नेफिलीमचा रंगीत मजलाच दाखवते.

गोष्ट डोक्यावरून जाते, काय करू?

आधी थोडं वाचून बसा, वर लिहिलंय तेवढं पुरे. पण त्याहून मोठी मदत आपल्याकडेच आहे. जत्रेत रात्री काला, म्हणजे दशावतारी नाटक, बघितलाय ना? काळा कपडा, काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ, तो संकासुर येतो आणि पोरं पुढे सरकून बसतात. त्यानं ब्रह्मदेवाचे वेद चोरले आणि विष्णूनं मत्स्य होऊन परत आणले. आणि मत्स्यावताराच्याच गोष्टीत मनू आहे, होडी आहे, प्रलय आहे. ज्ञान जागेवरून हललं, मागोमाग पाणी आलं. इनोखच्या गोष्टीची हाडं हीच आहेत, फक्त तिथे ज्ञान चोरलेलं नाही, प्रेमापोटी माणसाला दिलेलं आहे. हे धरून बघितलंत की कुठलाच देवदूत नुसता व्हिलन वाटणार नाही.

दिवाळीच्या आदल्या रात्री आपण नरकासुर करतो तेव्हाही तसंच. महिनाभर पोरं जागतात, सांगाडा, गवत, कागद, रंग, डोळ्यात लाईट, एकेक बोट सावकाश करतात. पहाटे तोच जाळायचा असतो. जाळायच्या आधी पाच मिनिटं सगळे त्याच्याकडे बघत उभे असतात. या गेममध्ये प्रत्येक मोठ्या लढाईच्या आधी मला ती पाच मिनिटं आठवतात.

मराठीत आहे का?

नाही. इंग्लिशमध्ये खेळावा लागतो. मी आजीला शेजारी बसवून एकेक वाक्य मराठीत सांगत खेळले, चार रात्री लागल्या. आजी ८१ वर्षांची, आयुष्यभर काला बघितलेली, तिला कंट्रोलर काय ते माहीत नाही पण तिनं कुठेही काय चाललंय असं विचारलं नाही. चिलखत फुटलं की म्हणायची, अगं त्याला जप. नेफिलीम आले तेव्हा मी सांगितलं की ही देवदूतांची आणि माणसांची पोरं, ही जन्मलीच नको होती असं वर ठरलंय, एकमेकांना खाऊन ती आगीचा राक्षस होतात, म्हणून पूर येणार आहे. त्यातलं एक गोल नाचत नाचत इनोखच्या पायाशी आलं. आजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, बाय, मग या पोरांना कोण नेणार वर? मी म्हटलं, आजी, अजून दोन रात्री थांब, कळेल.